रामरतीची ओटी

देश खुला झाला असं पेपरात रोज छापून येत होतं, त्या काळात आमच्या घरावर त्याचा पहिला परिणाम असा झाला की बाबांच्या टेबलावरच्या फायली कमी झाल्या. बाबा केंद्र सरकारच्या अशा एका सेक्शनमध्ये होते, जिथे कारखानदारांना परवाने दिले जात. बाबांच्याच शब्दांत सांगायचं तर दिले जात नसत. आता परवान्यांचीच गरज उरली नाही म्हटल्यावर ते वेळेवर घरी येऊ लागले आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत लक्ष घालू लागले. दुसरा परिणाम म्हणजे आईला नोकरी लागली. नोएडात तयार कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका नव्या कंपनीला पत्रव्यवहार सांभाळणारी बाई हवी होती. मयूर विहारच्या कोपऱ्यावरून चार्टर्ड बस सुटे, तिच्यात आई खिडकीशी बसून जाई. तिथे तिला स्वतःचं टेबल होतं, टेबलावर कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरवर घालायला तिने घरून शिवून नेलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. लग्न होऊन दिल्लीत आल्याला तिला बरीच वर्षं झाली होती, पण हे शहर तिचं झालं ते त्या टेबलापासून, असं मला आज वाटतं.

अडचण एकच होती. माझी धाकटी बहीण मिनी नुकती चालायला लागली होती आणि मी दहावीत होते. महाराष्ट्रातून कुणी येऊन आमच्याकडे राहील अशी परिस्थिती नव्हती, कारण दिल्लीची थंडी आणि दिल्लीची माणसं या दोन्हींबद्दल आमच्या नातेवाइकांची मतं पक्की होती. तेव्हा दिवसभर घरात राहणारी बाई शोधायची, असं ठरलं. दिल्लीत कामाला बाई शोधणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. एक एजंट होता, तो स्कूटरवरून मागे बाई बसवून घेऊन यायचा आणि जिन्यातूनच ओरडायचा, "गारंटी वाली है जी!" पहिली बाई कुकरची शिट्टी झाली की घर सोडून जिन्यात जाऊन उभी राहायची. दुसरीला मिनी आवडायची, पण शेजाऱ्यांकडचं केबल जास्त आवडायचं, त्यामुळे मिनीचाही मुक्काम तिकडेच असे. तिसरी उत्तम होती. तिला एजंटानेच पंधरवड्यात उचलून गुडगावच्या एका बंगल्यात पोचवली आणि आम्हाला सांगितलं की ती गावी गेली. आईच्या नाकी नऊ आले. दुधाच्या बूथवर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या बायका हेच बोलत असत, फक्त प्रत्येकीच्या एजंटाच्या वाहनाचा रंग वेगळा असे.

शेवटी रामरती आली ती एजंटाकडून नाही, तर आमच्या गेटवरच्या मिसिरजींकडून. मिसिरजी सोसायटीचे चौकीदार, दरभंग्याकडचे. त्यांच्या शेजारच्या गावातला एक मुलगा पानिपतला हातमागावर होता, त्याची ही बायको. तो कारखान्यातल्या पुरुषांबरोबर एका खोलीत राहायचा, तिथे बायकोला ठेवायची सोय नव्हती. रामरती पंचविशीची असेल, सावळी, उंच, हातात लाखेच्या बांगड्या. पहिल्या दिवशी तिने आमचं घर हिंडून पाहिलं आणि आईला म्हणाली, "घर तो ठीक है आंटीजी." आईला वाटलं, आपणच मुलाखत देतोय.

तिचे आणि आमचे खटके सगळे स्वयंपाकघरातले. आमटीत गूळ पडताना तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने आईचा हात धरला, आईच्या हातून चूक होतेय असं समजून. पोहे तिला माहीत होते, पण ते दही-गूळ घालून खायचे असतात. त्यांना कांदा-मिरचीची फोडणी देणं तिला शेवटपर्यंत पटलं नाही. तिचा भात आमच्या भातापेक्षा मोकळा आणि दुप्पट असे. मिनीला ती मोहरीच्या तेलाने मालिश करायची, आणि संध्याकाळी बाबा घरात आले की नाक वर करून विचारायचे, "आज लोणचं घातलंय का?" पण मिनी त्या वासात गाढ झोपायची. दुपारी वीज गेली की रामरती तिला मांडीवर घेऊन हाताने पंखा हलवत काहीतरी गुणगुणायची. त्यातला एकही शब्द मला कळायचा नाही आणि अभ्यासाचं पुस्तक समोर धरून मी ते ऐकत बसायचे. आजही कुठे मोहरीचं तेल तापलं की मला भूमिती आठवते.

बाबांची एक सवय इथे सांगायला हवी. कुणाच्याही घरी गेले की बाबा बसायच्या आधी पाणी मागत. साहेब असो, शिपाई असो, सोसायटीचा सुतार असो. पेला पुढे आला की सगळ्यांना दिसेल असा वर धरून ते तो रिकामा करत. त्यांच्या लहानपणी गावात कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, याचे जे नियम होते ते त्यांना आठवत होते आणि त्यांची चीड अजून गेली नव्हती. भाषणं करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जात मोडण्याचा त्यांचा हा घरगुती मार्ग होता आणि त्यावर त्यांनी आयुष्यात भरपूर पाणी पिऊन घेतलं.

दिवाळी झाली आणि रामरतीने छठसाठी रजा मागितली. नवऱ्याने पानिपतला वेगळी खोली घेतली होती, सासू गावाहून आली होती, सगळे मिळून कालव्यावर सूर्याला अर्घ्य देणार होते. आठवडाभराची गोष्ट. आईने आनंदाने हो म्हटलं, आणि निघायच्या सकाळी रामरतीला पाटावर बसवून तिची ओटी भरली. नारळ तिने मुद्दाम करोल बागेतून आणवला होता. तांदूळ, नारळ, सुपारी, हिरवा खण, हळदीकुंकू. आमच्याकडे सवाष्ण घराबाहेर पडताना तिला रिकामं पाठवत नाहीत, यापलीकडे त्यात काही नव्हतं. हळदीकुंकवाला आलेल्या चारचौघींची भरतात तशीच ही. पण रामरतीने पदर पसरला तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिने ओटीतले चिमूटभर तांदूळ उचलून परत आईच्या ताटात टाकले, ते पाहून आई हरखली. मला म्हणाली, "बघ, तिलाही माहितीये." आणि मग आई ते वाक्य बोलली, जे आपल्याकडची कुठलीही यजमानीण जिन्यापर्यंत पोचवायला येताना बोलते. "इसको अपना मायका ही समझो हं." रामरती वाकून पाया पडली आणि गेली.

ती आली नाही. आठवडा गेला, त्यावर आणखी एक गेला. आईने आधी साठवलेल्या रजा संपवल्या, मग मी शाळा बुडवायला लागले. एजंटाकडून आलेली एक मुलगी मिनीपेक्षा जास्त रडायची, तिला आईनेच समजूत घालून परत पाठवलं. मिनी रामरतीच्या जागी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जाऊन बसायची आणि मी भरवलेला भात तोंडातून काढून नीट माझ्या हातावर ठेवायची. आईच्या साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं की सोमवारपासून यायचं नसेल तर मोकळेपणाने सांगा, दुसऱ्या मॅडम बघून ठेवल्या आहेत. त्या शनिवारी आईने कॉम्प्युटरचं फुलाफुलांचं कव्हर घरी आणलं आणि धुवायला टाकलं. धुवायला म्हणून आणलंय, असं ती म्हणाली. ते अजिबात मळलेलं नव्हतं.

"ये बाइयाँ ऐसी ही होती हैं," आई त्या संध्याकाळी गेटवर मिसिरजींना सुनावत होती. मी मिनीला कडेवर घेऊन शेजारी उभी होते. "इतना किया उसके लिए. बताके तो जाती कि वापस नहीं आना है!"

मिसिरजी शांतपणे म्हणाले, "मैडम, आपने भेजा कैसे उसको?"

"कैसे मतलब? प्यार से भेजा. ओटी भरके भेजा." आईने पदर पुढे धरून दाखवला. "चावल, नारियल, कपड़ा, हल्दी-कुंकू. और बोला भी, कि इसको मायका समझो."

मिसिरजींनी डोक्यावरची टोपी काढली. "खोंइछा भर दिया आपने," ते म्हणाले. "मैडम, ये तो हम लोग बेटी को देते हैं, जब नैहर से ससुराल जाती है. और बेटी अपने से लौट के आती है क्या? नैहर से बाप-भाई लिवाने जाता है, तब न आती है. उसका नैहर तो है नहीं. माँ-बाप रहे नहीं, भाई पूछता नहीं. आपने बोल दिया, उसने मान लिया. अब वो वहाँ बाट जोह रही है, और आप यहाँ."

 आई वर गेली, कढई चढवली आणि बेसन भाजायला घेतलं. मायेचं असं वाक्य मी किती तरी घरांतून ऐकलंय, तेव्हा आणि आत्ताही. आता मी स्वतः नोएडात राहते, इथल्या गेटवर कामाच्या बायकांचे अंगठे मशीन ओळखतं, आणि "आमच्याकडे ती घरच्यासारखी आहे" असं म्हणणाऱ्या मैत्रिणी मला आठवड्यातून एकदा तरी भेटतात. त्या वाक्याचा सहसा कुणाला त्रास होत नाही. आमच्या आईचं ते कुणीतरी खरं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिनीजवळ आई थांबणार आणि पानिपतला बाबांबरोबर मी जाणार, असं ठरलं. "आपली माणसं एकदा गेली होती तिकडे," बाबा बूट घालताना म्हणाले. "फारशी परत आली नाहीत." आई म्हणाली, "शुभ बोला जरा," आणि बेसनाच्या लाडवांचा डबा त्यांच्या हातात दिला. गेटवर मिसिरजींनी खोलीचा पत्ता समजावून सांगितला, डबा पाहून मान डोलावली आणि मग आवाज खाली आणून बाबांना म्हणाले, "साहब, एक बात. वहाँ पानी मत पीजिएगा."

बाबांचा चेहरा लाल झाला. मिसिरजी ब्राह्मण होते आणि रामरतीने भरलेल्या माठातलं पाणी ते कधी पीत नसत, ते बाबांनी पाहून ठेवलं होतं. "मिसिरजी," बाबा म्हणाले, "हम सबके घर का पानी पीते हैं." मिसिरजी काही सांगायला तोंड उघडत होते, पण बाबा चालू लागले होते. बसमध्ये ते मला म्हणाले, "शुभा, बघच तू. गेल्या गेल्या पाणी मागतो की नाही." आणि त्या रागात त्यांनी दिवाळीचा उरलेला चिवडा सगळा एकट्याने खाल्ला. त्यात आईने त्या वर्षी मिरच्या सढळ हाताने घातल्या होत्या. करनालकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर तेव्हा धूळच धूळ होती. पानिपत येईपर्यंत बाबांना उचक्या लागल्या.

रामरतीची गल्ली शोधायला लागली नाही. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट येत होता, दोऱ्यांवर ओल्या सुताच्या रंगीत लडी वाळत होत्या, आणि कोपऱ्यावरच्या बाईला नाव विचारलं तर ती आमच्यापुढे पळतच ओरडत गेली, "अरी, आ गए! सच में आ गए!" आम्ही दारात पोचलो तोवर अर्धी गल्ली तिथे जमली होती. मग हळूहळू सगळं कळलं. ज्या दिवशी रामरती आली त्या दिवशी सासूने पदरातली ओटी सोडली होती, खण आणि नारळ सगळ्या शेजारणींना दाखवला होता, आणि रामरतीने सांगितलं होतं की दिल्लीत माझं नैहर आहे, ते न्यायला येतील. पहिला आठवडा सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग हसायला लागले. सासूही त्यात होती. नवऱ्याने दुसरीकडे काम बघून ठेवलं होतं. रामरती रोज, फक्त थोडे दिवस थांबा, म्हणत होती.

आता ती खोलीच्या दारात डोकं झाकून उभी होती. आमच्याकडे धावत आली नाही, हसलीही नाही. गर्दीतली एक बाई स्पष्ट म्हणाली, "मालिक हैं. काम का हर्जा हो रहा होगा, तो लेने आए हैं." यात चुकीचं काहीच नव्हतं. माझे कान तापले. बाबांनी लाडवांचा डबा सासूच्या हातात दिला, खाटेवर टेकले आणि मोठ्याने उचकी दिली.

सासू किरकोळ अंगाची, चुणचुणीत बाई होती. तिने डबा बाजूला ठेवला, आत गेली आणि घासून लखलखीत केलेला पितळी लोटा भरून घेऊन आली. "पानी पीजिए, समधीजी," ती म्हणाली. समधी म्हणजे व्याही. ते तिने इतकं लांबवून म्हटलं की मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

बाबांना पाणी हवंच होतं. त्यांनी हात पुढे केला, लोटा घेतला, सवयीप्रमाणे सगळ्यांना दिसेल असा वर उचलला. जमलेल्या बायकांचं हसू थांबलं. माग तेवढे चालू होते. मी रामरतीकडे पाहिलं. ती बाबांकडे बघत नव्हती, त्या लोट्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पार उतरला होता. बाबांनीही पाहिलं. लोटा हवेतच राहिला. परवान्यांच्या फायली वाचण्यात माणसाचं अर्धं आयुष्य गेलं की कागदावर नसलेली अटही दिसायला लागते, असं ते नंतर म्हणायचे. त्या क्षणी त्यांना मिसिरजींचं बोलणं उलगडलं असणार. मालक पाणी पितो. शिवाशिव पाळणारा पीत नाही. आणि आणखीही एक माणूस पीत नाही.

त्यांनी लोटा खाली ठेवला.

"समधनजी," बाबा म्हणाले. त्यांचं हिंदी ऑफिसातलं होतं, त्यातही उचकी मध्ये आली. "लड़की का घर है. हम... लड़की के घर का पानी हम नहीं पीते."

कुणी हसलं नाही. सासूने बाबांकडे नीट पाहिलं, आणि मग हळूच पदर पुढे ओढून डोकं आणि अर्धा चेहरा झाकून घेतला, व्याह्यापुढे झाकतात तसा. ती मागे सरकली आणि आतल्या आवाजात कुणालातरी म्हणाली की पोरीला काहीतरी खायला आणा, ती लहान आहे, तिला चालतं. मला दही-पोहे मिळाले, गूळ घालून, शिवाय छठचे उरलेले ठेकुए, कडक आणि गोड. बाबा समोर बसून उचक्या देत होते आणि मी खात होते. रामरती आत ट्रंक आवरत होती. मध्येच तिचं नाक ओढणं ऐकू आलं. निघताना सासूने तिच्या पदरात तांदूळ घातले, आणि रामरतीने चिमूटभर परत टाकले.

बस स्टँडवर रामरती पहिलं वाक्य बोलली. नळाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबूजी, अब पी लीजिए. ये सरकारी है." बाबा ओंजळीने इतकं पाणी प्यायले की कंडक्टरला बस थांबवावी लागली. मग ती हसायला लागली, मी हसले, आणि बाबा ओल्या मिशांनी म्हणाले, "इसमें हँसने का क्या है?"

घरी आईने दारातच आम्हाला थांबवलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. रामरतीवरून जरा जास्तच वेळ ओवाळला. "बहुत देर कर दी," आई म्हणाली. रामरती म्हणाली, "देर तो आप लोगों ने की." मिनी तिच्या पायाला चिकटली ती झोपेपर्यंत सुटली नाही. सोमवारी आई कव्हर पिशवीत घालून चार्टर्ड बसने गेली.

लेक म्हणून आणली म्हणून रामरतीची धुणीभांडी चुकली नाहीत. ती कामं करत होती आणि त्यांचा पगार घेत होती. एकीकडे लेक आणि एकीकडे कामवाली, असं ते चालू राहिलं. फरक एवढाच पडला की ती आता आमच्याशी भांडायला लागली. आणि दर वर्षी छठनंतर कुणालातरी पानिपतला जावं लागे. आई म्हणायची, निरोप पाठवून दे, येईल. रामरती मिसिरजींकडून उलट निरोप पाठवायची की बाबूजींना सवड होईल तेव्हा न्यायला या. बाबा किरकोळ रजेचा अर्ज टाकायचे, चिवडा टाळायचे आणि जायचे.

पुढे रामरतीला मुलं झाली, तिने काम सोडलं, आणि बऱ्याच वर्षांनी नोएडाच्या कडेला, खोडा नावाच्या वस्तीत, दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांतीला बाबा गेले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. जून महिना, वीज नव्हती, बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी होते, मिनी होती. मिनीला अर्थातच त्या काळातलं काही आठवत नाही आणि मराठीही तिची अर्धीच राहिली आहे. तिने बाबांकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाली, "बाबा, प्लीज, पाणी प्या ना यार. कुठल्या जमान्यातलं हे? माझ्याकडे आलात की तर लगेच मागता. ताईकडे दोनदा चहा घेता."

रामरती दारात उभी होती, तशीच, डोकं झाकून. आता तिचे केस पांढरे झाले होते.

"तुम्ही दोघी काय, जन्मानेच मुली आहात," बाबा म्हणाले. "हिला मी चारचौघांत मुलगी म्हटलंय."

मग ते काठी टेकत बाहेर रस्त्यावर गेले, पिशवीतून घरची बाटली काढली आणि उन्हात उभे राहून पाणी प्यायले.